ऑफिस टाइमची फुलं

निवृत्त झाल्यापासून मी रोज साडेदहाच्या सुमाराला नांदेडच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. समोर चार-पाच पसरट कुंड्यांत ऑफिस टाइम लावलेलं आहे. हे फूल सगळ्यांनी पाहिलेलं असतं, नाव मात्र जो तो वेगळं सांगतो. जमिनीलगत पसरतं, पानं बारीक आणि गुबगुबीत, फुलं राणी, पिवळी, नारिंगी, पांढरी. ऊन चढलं, कचेऱ्या उघडायची वेळ झाली की उमलतं आणि दुपारी दोन-अडीचला मिटतं. मिटलेलं फूल दुसऱ्या दिवशी उमलत नाही, त्याचं काम संपलेलं असतं. शेजारचे गृहस्थ कधी कधी फाटकाशी थांबून विचारतात, "साहेब, एवढं काय बघत बसता?" मी 'टाइमपास' म्हणून त्यांना वाटेला लावतो. खरं म्हणजे त्या वेळात कुणी बोललेलं मला खपत नाही. नोकरीच्या काळात हे फूल मी वर्षानुवर्षं मिटलेलंच पाहिलं, आणि ज्या एका दिवशी उमललेलं पाहिलं तो दिवस पाहायला नको होता.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून तुटून वेगळा जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला कारकून कमी पडत होते. मी नांदेडला होतो, लग्नाला दोन वर्षं झाली होती, वर कुणाचा हात नव्हता, त्यामुळे बदलीच्या यादीत माझं नाव अलगद गेलं. कोणत्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कचेरी नवी, इमारत भाड्याची, खुर्च्या कमी, आणि कागद मात्र पहिल्या दिवसापासून छतापर्यंत. पण तेव्हा मला त्या सगळ्याची ऐट होती. नवा जिल्हा आपल्या हातानं उभा राहतोय, असं मी खरंच समजत होतो.

गोलाईच्या मागच्या एका गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. घरमालक आडतीचा व्यापारी, लिंगायत. त्याच्या बायकोला सगळी गल्ली अव्वा म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो. अव्वा सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही आणि एकदा पूजा झाली की दिवसभर तोंडाला विश्रांती द्यायची नाही. माझ्या बायकोवर तिचा पहिल्या दिवसापासून जीव जडला. तिला ती 'पोरी' म्हणायची, मला 'साहेब', आणि त्या साहेबमध्ये थोडी थट्टा असायची.

माझी बायको मुदखेडकडची. तिच्या माहेरी फुलांची शेती होती, मोगरा आणि गलांडा. फुलांच्या घरातली म्हणून मी लग्नात मित्रांना कौतुकानं सांगायचो. तिनं एकदा मला सुनावलं, "आमच्या घरी फुलं नव्हती, माल होता." मोगऱ्याची कळी पहाटे अंधारात खुडायची, टपोरी पण मिटलेली. उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कोण विचारतं? तिचे वडील ओळीतून फिरायचे आणि झाडावर एखादी कळी चुकून राहून उमलली की ज्या पोरीची ओळ असेल तिला बोलणी बसायची. लहानपणी तिनं एकदा एक कळी पानाआड मुद्दाम लपवून ठेवली होती, झाडावर मोगरा फुलतो कसा ते बघायला. वडिलांना ती सापडली. "मग?" मी विचारलं. "मग काय, खुडली," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

नांदेडला असताना तिसऱ्या महिन्यात तिचं एक मूल गेलं होतं. त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. लातूरला आल्यावर दोन वर्षं काहीच झालं नाही आणि अव्वानं हळूहळू उपासतापास सुचवायला सुरुवात केली.

ऑफिस टाइमची काडी मीच घरी आणली. तेवढी एकच गोष्ट मी तिनं न मागता आणून दिली असेल. कचेरीच्या शिपायानं दाराशी एका फुटक्या माठात ते लावलं होतं. एकदा जाता जाता त्यानं चार काड्या तोडून जुन्या कागदात गुंडाळून दिल्या. "नुस्त्या खोचा साहेब, लागतात." बायकोनं कागद उघडून पाहिला आणि म्हणाली, "ही तर घोळ हाय. भाजी आनलात व्हय?" मी नाव सांगितलं, ऑफिस टाइम, आणि का म्हणतात तेही सांगितलं. ती हसायला लागली. लातूरला आल्यापासून मी तिला एवढी हसताना पाहिलं नव्हतं. "फूलबी नोकरदारच निघालं," ती म्हणाली.

तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आडवे कापून तिनं ओट्याच्या कडेला ठेवले आणि त्यात काड्या खोचल्या. महिन्याभरात डबे भरले. एका दुपारी अव्वानं घोळ समजून त्यातलं ओंजळभर खुडलं आणि डाळीत घातलं. संध्याकाळी तिनंच येऊन तक्रार केली, "पोरी, तुजी घोळ कडू हाय गं." बायको आधी रडली, मग दोघी पोट धरून हसल्या. अव्वाला खरा प्रश्न पडला तो त्यानंतर. "याचा उपेग काय? सकाळी पूजेला म्हनावं तर उमलत न्हाई. सांजच्याला डोक्यात घालावं तर मिटलेलं. देवाला न्हाई, बाईला न्हाई."

"म्हनूनच," बायको म्हणाली. "कोनी खुडत न्हाई."

त्या उत्तराचा अर्थ मला कळायला फार वर्षं लागली. तेव्हा मला एवढंच दिसायचं की मी सकाळी दहाच्या आधी निघायचो तेव्हा डब्यात नुसत्या हिरव्या टोकदार कळ्या असायच्या आणि सहानंतर परत यायचो तेव्हा पिळून टाकलेल्या चिंध्यांसारखी मिटलेली फुलं. त्यांचं उमलणं मी तिच्या तोंडून ऐकायचो. चहा देताना ती सांगायची, आज राणी रंगाची सात होती, पिवळं एकच पण हे एवढं, पांढऱ्यात एकाला गुलाबी कड आली होती. मी हूं हूं करायचो. ती म्हणायची, अकरा वाजता ती हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसते, कारण नंतर बघू म्हटलं तर नंतर नसतंच. झेंडू पंधरा दिवस झाडावर असतो, त्याच्याकडे कोण बघतं? एकदा तव्यावरची भाकरी करपली तरी ती उठली नव्हती, हे तिनं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. सबंध दिवसात तेवढा एक वेळ तिचा होता. नवरा कचेरीत, अव्वा जेवून आडवी, गल्ली सामसूम. मोठी माणसं हे असलं सांगायला लाजतात, ती लाजत नव्हती.

"एकडाव या की अकराला," ती म्हणायची.

"रविवारी बघू," मी म्हणायचो. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन रविवार पाहिलंही असेल, पण बाजारहाट करता करता, उभ्या उभ्या. ते पाहणं नव्हे.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी झाला, दुसऱ्या वर्षी तोंडही दाखवलं नाही. आमच्या शाखेचं नाव टंचाई शाखा झालं आणि रविवार संपले. नळ आधी चार दिवसांआड यायचा, मग आठ, मग नुसता फुसफुसायचा. अंगणातला अव्वाचा मोगरा वाळून काडी झाला, जास्वंद गेली, तुळस कशीबशी तगली. ऑफिस टाइमला मात्र हात धुतलेलं पाणी पुरत होतं. हे फूल ढग असले की उमलत नाही, आणि त्या वर्षी ढग नव्हतेच, त्यामुळे एक दिवस खाडा न करता उमलायचं. मी कचेरीतून येताना भेगाळलेल्या शेतांचे अहवाल डोक्यात घेऊन यायचो आणि ती फुलांचे आकडे सांगायची. मला त्याचा राग यायला लागला होता, हे कबूल करतो.

त्याच वर्षी तिला दिवस राहिले. तिसरा महिना आम्ही दोघांनी श्वास धरून काढला. चौथा लागला तेव्हा डॉक्टरीणबाई तिला नाही, मला म्हणाल्या, "हिनं घागर उचलायची नाही. बाळंत होईपर्यंत नाही. पाणी तुम्ही भरायचं, लक्षात ठेवा." मी मान हलवली. आणि भरलंही. पहाटे उठून लांबच्या हातपंपावरून सायकलला घागरी लटकावून आणायचो. मग तो हातपंपही आटला आणि गावात टँकर सुरू झाले.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. टँकरवाले बदमाशी करत होते. पहाटे कुणाच्या तरी वाड्यात पाणी ओतायचे आणि गल्लीत खेप झाली म्हणून कुणाचाही अंगठा आणायचे. यावर उपाय काढायचं काम माझ्याकडे आलं. मी विचार केला, तपासणीला आमची माणसं दहा ते सहा या वेळातच मिळणार, तर टँकरही त्याच वेळात का फिरू नयेत? मी मसुदा लिहिला, 'सर्व टँकर कार्यालयीन वेळेतच पाणीवाटप करतील.' साहेबांनी 'कार्यालयीन वेळेतच' या शब्दांखाली बोट फिरवून मला शाबासकी दिली. 'च' माझाच होता. चोरी दुसऱ्या आठवड्यात बंद झाली.

सही झाली त्याच संध्याकाळी मी ते घरी सांगितलं होतं. बायको म्हणाली, "म्हंजी माज्या फुलाचाच टायम की!" मग म्हणाली, "पन त्या वक्ताला घरी कोन असतंय? नुस्त्या बायाच."

"बाया असतात म्हणूनच तर," मी म्हणालो. मला ते हुशारीचं वाटलं होतं.

आमच्या गल्लीत टँकर साडेअकराच्या पुढे यायचा, डोक्यावर ऊन आल्यावर. अव्वानं आपल्या आडतीतल्या हमालाला आमची दोन पिंपं भरायला सांगितलं, त्यामुळे माझी फिकीर मिटली. पण ती एकदा मला ओट्यावर अडवून म्हणाली, "साहेब, कागद तुमच्या हातानं लिवलाव म्हनं. तेवढा टायम सकाळचा करा की. बापे घरी असतात, चार घागरी आनतेल. या उन्हात म्हातारी बाई, पोटुशी बाई, सगळ्या लायनीत उभ्या राहून राहिल्या." मी तिला हसून टाळलं.

मग बायकोनं विचारलं. ती काही मागणारी बाई नव्हती. साडी मागितली नाही, सिनेमा मागितला नाही. जेवायला वाढताना मान खाली घालून म्हणाली, "एक इचारू? तो टायम सकाळचा न्हाई का होनार?"

मी तिला समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, आजही ते शब्द जसेच्या तसे आठवतात. मसुदा होता तोवर कागद माझा होता. साहेबांची सही झाली की तो माझा राहत नाही, सरकारचा होतो. आणि स्वतःच्या गल्लीसाठी वेळ बदलून घेतली तर लोक काय म्हणतील? "न्हाई बदलता येत," मी म्हणालो. मी खोटं बोलत नव्हतो. कारकून माणसाचा यावर देवासारखा विश्वास असतो. तिचाही माझ्यावर तसाच होता. ती "बरं" म्हणाली आणि आमटी वाढली.

सातवा महिना लागला. अव्वाचा भाऊ वारला म्हणून ती देवणीला गेली, आठ-दहा दिवसांसाठी. जाताना हमालाला बजावून गेली होती, पण मालकीण नजरेआड झाल्यावर तो कशाला येतो? हे मला नंतर कळलं. मला रोज संध्याकाळी दोन्ही पिंपं गळ्यापर्यंत भरलेली दिसायची. मी तोंड धुवायचो, पाय धुवायचो, आणि कुणी भरली ते विचारायचो नाही. एकदा तिच्या तळहाताला फोड दिसला होता. तव्याचा चटका असेल असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी बाराच्या सुमाराला शिपाई टेबलाशी आला. "साहेब, घरून निरोप हाय. लवकर बलावलंय." मी उठलो, आणि मग परत बसून हालचाल नोंदवहीत नोंद केली. बाहेर जाण्याचे कारण: घरगुती. ती नोंद करायला किती वेळ लागला असेल? तेवढा वेळ मी अजून मोजतो.

गल्लीत शिरलो तेव्हा टँकर निघून गेला होता आणि जमिनीवरची ओल वाळत आली होती. ओट्यावर सगळे डबे उमलले होते. माझी नजर आधी तिकडे गेली, याची मला लाज वाटते. राणी, पिवळी, नारिंगी, डब्याच्या कडा दिसू नयेत इतकी, आणि प्रत्येक फूल उन्हाकडे तोंड करून उघडलेलं. इतकी वर्षं ती काय सांगत होती ते तेव्हा कळलं. मग त्यांच्यामागं ती दिसली. उंबऱ्यावर बसली होती, गुडघे एकमेकांना घट्ट लावून, साडी खालून भिजलेली. शेजारच्या दोन बाया तिला धरून होत्या. घागर बाजूला आडवी पडली होती. मला बघून ती म्हणाली, "पानी सगळं न्हाई सांडलं. अर्धं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढे सरकारी दवाखान्यात मुलगी झाली आणि दुपारी दीडपर्यंत होती. मला ती एकदा दाखवली. नखं होती, कानाची पाळी होती, डोक्यावर भरपूर काळं जावळ होतं. रडली नाही, तोंडाची मात्र उघडझाप करत होती. मग आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. भिंतीवर घड्याळ होतं. त्या वेळी मला फक्त दोनच गोष्टी हव्या होत्या, ते घड्याळ थांबावं आणि ते दार उघडू नये. दार उघडलं.

मुदखेडहून सासरे आले. मला जवळ घेऊन म्हणाले, "फूलच व्हतं म्हना. देवानं खुडलं." माझा तोल गेला. आयुष्यभर पोरींकडून कळ्या खुडून घेतलेला माणूस मला हे सांगत होता. मी त्यांना दवाखान्याच्या आवारातच नको ते बोललो. खरं तर ज्याला बोलायला हवं होतं तो मीच होतो, पण स्वतःला बोलायला इतकी जोरदार भाषा सुचत नाही. फूल आणि मूल यांची सांगड घालणाऱ्या कुणाचंही तोंड बघू नये असं मला आजही वाटतं. फूल मिटतं कारण त्याची वेळ होते. तिची वेळ झाली नव्हती, अजून दोन महिने होते.

चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. टेबलाशी बसलो आणि एक कोरा कागद पुढे ओढला. 'शहरातील टँकर सकाळी सहा ते नऊ या वेळेत पाणीवाटप करतील. तपासणीसाठी आळीपाळीने कर्मचारी नेमण्यात येत आहेत.' दोन ओळी. साहेबांनी चहा पिता पिता वाचलं, "बरोबर आहे, आधीच करायला हवं होतं," म्हणाले आणि सही केली. कुणी काही म्हणालं नाही. एकही माणूस काही म्हणाला नाही.

त्याच आठवड्यात अव्वा देवणीहून परत आली. तिला सगळं कळलं होतं. ती बायकोच्या उशाशी बसून खूप रडली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि शेवटी काहीतरी चांगलं बोलायला हवं म्हणून दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे हात करून म्हणाली, "तुज्या नवऱ्यानं गल्लीवर लई उपकार केले बघ पोरी. टँकर आता सकाळी येऊन राहिलाय. आज आमच्या मालकानंच चार घागरी भरल्या. यानंच टायम बदलून घेतला."

बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, रागानं नाही, एखादी न कळलेली गोष्ट नीट समजून घ्यावी तशी.

"म्हंजी बदलता येत होता?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

ती परत भिंतीकडे वळली. त्यानंतर आम्ही तीस वर्षं एकत्र राहिलो, नांदेडला घर बांधलं, भांडलो नाही. तिनं माझ्याकडे पुन्हा काहीही मागितलं नाही. शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात तिच्या खाटेला लागून स्टुलावर बसलेलो असायचो, तांब्या-भांडं माझ्या हाताशी असायचं, आणि तहान लागली की नर्सबाई येईपर्यंत ती थांबायची.